मधू आखणीवाल्यावर मी घातलेला बहिष्कार

हसायचं असेल तर हसा, पण चहा संपेपर्यंत मध्ये बोलू नका. ही फजिती माझ्यावर कुणी आणली नाही, मीच ती शाल-श्रीफळ देऊन आणली. आणि राग म्हणाल, तर तो आजतागायत उतरलेला नाही.

माझं घर रोह्याला, दुकान पेणला. पोहे, उडीदडाळ, कडधान्य. शाळा सातवीतच सुटली, म्हणून असेल कदाचित, पण शाळेच्या समारंभाला बोलावलं की मला भलताच चेव येतो. त्या वर्षी रोह्याच्या शाळेत बक्षीस समारंभ होता. पाहुणा कोण, तर मीच सुचवला. मधू आखणीवाला!

आता पेणला गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली. मूर्ती घडवणारे पुष्कळ, रंगवणारे पुष्कळ. पण डोळ्यांची आखणी करणारे हात मोजके, आणि त्यात मधूचा हात वेगळाच. त्याने डोळे काढले की मूर्ती आता आपल्याला काहीतरी विचारणार असं वाटायचं. मुंबईच्या पेपरात फोटो आला होता त्याचा. लोक त्याला बघायला पेणला यायचे.

मी शाल घातली आणि पाऊण तास बोललो. म्हटलं, "मुलांनो, मोठेपणी यांच्यासारखे व्हा. नुसता यांचा हात घेऊ नका, यांचं वागणंसुद्धा घ्या."

त्याच्या वागण्याबद्दल मला काय माहीत होतं? काही नाही. उडीद दाताखाली फोडल्याशिवाय पोतं न उचलणारा मी, माणूस मात्र न बघता उचलला.

दुसऱ्या दिवशी दुकानात सुमनबाई आल्या. पापड करून विकायच्या, डाळ आणि पोहे नेहमी माझ्याकडून. दोन मुली, बाई कष्टाळू. मी त्यांना सगळा समारंभ ऐकवला. वर सल्लाही दिला, की पोरींना अशा माणसाच्या पायावर घाला.

सुमनबाई डाळ निवडता निवडता म्हणाल्या, "ओळखते मी त्याला. नवरा हाय माजा. चार वर्सं झाली, नागोठण्याला दुसरीच्या घरी ऱ्हातो. पोरींची तोंडं बघायला आला नाय."

माझ्या हातातलं माप तसंच राहिलं. मग डोकं असं भडकलं म्हणून सांगू! ह्या माणसाला मी शाल घातली? तीनशे पोरांसमोर? आपले लोकही असे, कुणी चांगला गायला, कुणी सिनेमात रडला, की लगेच त्याला देव्हाऱ्यात बसवतात. लोक म्हणजे मीच, पण तेव्हा ते सुचलं नाही.

सुमनबाई पायरी उतरताना म्हणाल्या, "शेठ, तुमी मधी पडू नका."

मी पडलो. तडक अण्णांच्या गणपतीच्या कारखान्यात गेलो. अण्णा म्हणजे एकादशी करणारा, सुपारीही न खाणारा माणूस. आमच्या आळीच्या मंडळाचा गणपती त्यांच्याकडेच होता, त्याचे डोळे मधूच काढणार होता, आणि मंडळाचा अध्यक्ष मी. मी ठणकावलं, त्या हाताने आमच्या देवाला डोळे लागता कामा नयेत. अण्णांनाही पटलं. मग मी गिऱ्हाईकांना सांगितलं, मंडळाला सांगितलं, गाडीत शेजारी बसलेल्या निडी गावच्या माणसालाही सांगितलं. दोन दिवसांत मधूला पेणमधल्या एकाही कारखान्यात कुणी उभं करीना.

मी दोन रात्री शांत झोपलो. तिसऱ्या दिवशी अण्णांचा निरोप आला, ताबडतोब या.

चतुर्थीला आठ दिवस. कारखान्यात शंभरावर मूर्ती, रंगलेल्या, नटलेल्या आणि बिनडोळ्यांच्या! बाकीचे आखणीवाले आपापल्या कारखान्यांत अडकलेले. अण्णांच्या पुतण्याने आमच्या मंडळाच्या मूर्तीवर हात चालवून बघितला होता. एक डोळा रोह्याकडे, दुसरा पार उलट्या दिशेला धरमतरच्या खाडीकडे. अण्णांनी कुंचला माझ्यापुढे धरला.

डोकं धरून दुकानात येतो, तर सुमनबाई उभ्या. पदर खोचलेला.

"शेठ, तुमाला सांगितलं व्हतं ना?"

मी म्हटलं, "बाई, तुमच्यासाठीच तर केलं."

"माज्यासाठी? काम गेलं म्हणून त्या दुसरीनं त्याला घराबाहेर काढला. आता तो माज्या पडवीत येऊन बसलाय. चार वर्सं नव्हता तर सुखात व्हते मी. आता दोन वेळचा भात मागतो, वर पापडाच्या लाट्या चाखतो. भांडण माजं त्याच्याशी हाय, त्याच्या हाताशी नाय. हात त्याचा सोन्याचा हाय. त्याला कामावर घाला आणि माजं घर मोकळं करा."



गेलो त्यांच्या घरी. महाराज पडवीत बसलेले, खांद्यावर माझीच शाल. तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, ओढून घ्यावी. पण डोळ्यांसमोर ते रोहा आणि धरमतर. हात जोडले. म्हटलं, चला.

तो आला. पहिल्यांदा आमचीच मूर्ती घेतली. पुतण्याचे डोळे पुसले, कुंचला ओला केला, श्वास रोखला. मी दिवा धरून उभा, कारण सगळी माणसं दुसऱ्या कामांत, आणि हे काम माझ्यामुळेच अडलेलं. एक डोळा झाला आणि मूर्ती जागी झाली. काय हात होता हो! आणि तेवढाच राग आला. असा हात देवाने अशा माणसाला का द्यावा?

शेवटी राहवेना. म्हटलं, "मधू, घरचं हे सगळं असताना मी पोरांना सांगत होतो, यांच्यासारखे वागा. आणि तू खुर्चीत गप्प बसलास? लाज नाही वाटली? उठून एकदा तरी सांगायचंस, की असं काही शिकवू नका."

त्याने दुसरा डोळा पुरा केला. मग कुंचला पाण्यात बुडवत म्हणाला,

"उठलो व्हतो, शेठ. दोनदा उठलो. तुमी माईक सोडलाच नाय."