तिसऱ्या मजल्यावरचा रंगीत तक्ता

समस्त नागरिकांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, महापालिका निवडणुकीत मत कुणाला द्यावे हे आमच्या सोसायटीला समजावून सांगण्याचा माझा तहहयात अधिकार एका रविवारी सकाळी, चहा निवायच्या आत, संपुष्टात आला.

त्याआधी रिवाज ठरलेला होता. उमेदवारांची पत्रकं मी जमवायची, पार्किंगमध्ये खुर्च्या मांडायच्या आणि आवाज बदलून बदलून ती वाचायची. ठेकेदार उमेदवार बसलेल्या घशाने, मंडईतला व्यापारी गाळ्यावरून गिऱ्हाईक बोलवावं तसा. सगळे पोट धरून हसायचे आणि शेवटी विचारायचे, "ते सगळं ठीक, पण पोरांना नोकऱ्या कोण देणार?" हा प्रश्न मला विचारतात, एवढ्या भांडवलावर मी पुढची पाच वर्षं ताठ चालायचो.

मग तिसऱ्या मजल्यावर अकोल्याचा एक मुलगा राहायला आला. संगणकाच्या कंपनीत नोकरी, न्यायला दारात गाडी. त्याने उमेदवारांचा तक्ता केला. उभ्या रकान्यांत उमेदवार. आडव्या ओळींत कारखाने, संगणक प्रशिक्षण, भाजीवाल्यांना गाळे, स्थानिकांना नोकऱ्या. वर रंगीत छपाई! पार्किंगमध्ये जिन्यापाशी लावला. मी तो तीनदा वाचला, चूक सापडली नाही. चौथ्यांदा गेलो तर आमची ही तिथे उभी राहून त्याला विचारत होती, "मग नोकऱ्या कोण देणार हो?"

माझा प्रश्न! माझ्या बायकोने! त्याला!

जळफळाट म्हणजे काय ते मला त्या दिवशी नीट कळलं. रविवारी सगळे तक्त्याभोवती जमले, तेव्हा मी कपाटातल्या गठ्ठ्यातून ठेकेदाराचं पत्रक ओढून खाली आलो. "छापील ते खरं, असं कुणी सांगितलं? मूळ कागद ऐका," मी गरजलो.

"वाचा ना काका," तो म्हणाला. एवढं गोड बोलण्याची काय गरज होती?

"संगणक प्रशिक्षण केंद्र," मी वाचलं. त्याने तक्त्यावर ठेकेदाराच्या रकान्यात बोट ठेवलं. होतं.

"भाजीविक्रेत्यांना पक्के गाळे." होतं.

"स्थानिक तरुणांना नोकरीत प्राधान्य." तेही होतं. प्रत्येक "होतं"ला लोक त्याच्याकडे कौतुकाने बघत होते आणि माझा बसलेला घसा आता नाटकातला राहिला नव्हता.

तो जवळ आला, कागदाकडे वाकून बघू लागला आणि म्हणाला, "काका, चिन्ह वेगळं दिसून राहिलं. हे मागच्या निवडणुकीचं पत्रक आहे. तेव्हा हे दुसऱ्या पक्षात होते."

पार्किंग हसलं. मी मात्र आनंदाने उडालोच. सापडला! "म्हणजे पाच वर्षांत माणसाने पक्ष बदलला, पण नोकऱ्यांचा एक शब्द बदलला नाही," मी तक्त्यावर थाप मारली, "मग हे रंगीत ध्यान काय कामाचं?"

सोसायटी पुन्हा माझ्याकडे बघत होती. दोन क्षण. अगदी मोजून दोन. कारण तेवढ्यात आमची ही उत्साहाने ओरडली,

"अहो, मग या तक्त्याची एक झेरॉक्स काढून ठेवा की, पुढच्या वेळेलाही हाच चालेल!"