मी साळूबाई बोलतेय

मुलाखतीला गेलं की साळूबाईला पहिला प्रश्न ठरलेला असायचा. समोरचा साहेब हातातला कागद बघायचा, मग तिच्याकडे बघायचा, पुन्हा कागदाकडे, आणि विचारायचा, "त्या स्वतः नाही आल्या का?" त्या म्हणजे साळूबाई. समोर कुर्ता घालून, केसांना क्लिप लावून बसलेली ही तेवीस वर्षांची बी.कॉम. पोरगीच साळूबाई, हे त्याच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागायचा. शिरलं की तो हसायचा. हसणं काही वाईट नसायचं. पण हसून झाल्यावर कुणी नोकरी देत नाही, हे तिला तीन-चार ठिकाणचे उंबरे झिजवल्यावर कळलं.

नगरच्या एका दवाखान्यात पेशंटची नोंद करायला मुलगी हवी होती. दारावरच्या माणसानं नाव ऐकलं आणि तिला सरळ मागच्या बाजूला पाठवलं. तिथे फरशी पुसायच्या मावश्यांची भरती चालली होती. बिचारी त्या बायकांमध्ये बराच वेळ बसून राहिली, आणि चूक लक्षात येऊन पुढं आली तोवर पुढची जागा भरली होती. गाड्यांच्या शोरूममधल्या मॅडम मनानं चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तू हुशार आहेस गं, पण छातीवर हे नाव लावून तुला नव्या गाडीपाशी उभी कशी करू?" म्हणीतल्या सोनूबाईच्या हाती कथलाचा का होईना, वाळा तरी होता. आमच्या साळूबाईच्या हाती नुसती पदवी.

आता हे नाव आलं कुठून? तिसगावजवळच्या वस्तीवर नरवड्यांच्या घरी ही पोर जन्मली, तेव्हा तिच्या आईनं, सुरेखानं, दिशा हे नाव मनाशी पक्कं केलं होतं. आत्याला तसं सांगूनही ठेवलं होतं. पण पोरगी जन्मली ती रडतच. दिवसा रडायची, रात्री रडायची, दूध पिता पिता रडायची. पाथर्डीच्या डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले. मग वस्तीवरची एक जुनी म्हातारी आली आणि म्हणाली, "कुनीतरी नाव मागतंय." तिनं पोरीला मांडीवर घेतलं आणि घरातल्या मेलेल्या माणसांची नावं एकेक करून तिच्या कानात घ्यायला सुरुवात केली. गंगूबाई झाली, ठकूबाई झाली, पोरगी रडतेच आहे. साळूबाई म्हटलं आणि पोरगी गप्प झाली.

साळूबाई म्हणजे पोरीच्या आजोबांची, बन्सीआबांची आई. आबा दाराशी उभे होते. भरल्या घरात त्या पन्नाशीच्या माणसानं तान्ह्या पोरीच्या पायावर डोकं ठेवलं आणि "आई आली, माजी आई आली," म्हणून हंबरडा फोडला. पोर रडून रडून दमली असेल आणि झोपली असेल, असं म्हणायची हिंमत घरात एकट्या सुरेखाला होती. पण बाळंतिणीचं ऐकतो कोण? बाप गहिनीनाथ दुधाचा टेम्पो चालवायचा, जागरणांनी त्याचे डोळे तांबारले होते. पोर गप्प झाली यातच त्याला सगळं मिळालं होतं. बारशाला आत्यानं दिशा नाव गिळून टाकलं.

त्या दिवसापासून आबांनी नातीला कधी नावानं हाक मारली नाही. आई म्हणायचे. ती चार वर्षांची असताना तिला विचारून बाजारातून भाजी आणायचे, आणि पोरीनं वांगी सांगितली की घरात चार दिवस वांगीच शिजायची. शाळेत पोरं तिला म्हातारी म्हणून चिडवायची, ती रडत घरी यायची, आणि आबा तिच्या वर्गात जाऊन पोरांना दम भरून यायचे. त्यानं चिडवणं वाढायचं. तिला आबांचा राग यायचा आणि आबांवाचून करमायचंही नाही. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

शोरूममधून परत आली त्या दिवशी मात्र तिनं जेवता जेवता सांगून टाकलं, "मी राजपत्रात नाव बदलून घेणार आहे." सुरेखानं लेकीच्या ताटात तूप जास्तीचं वाढलं. गहिनीनाथनं बापाकडे बघितलं. आबा रागावतील, ताटावरून उठतील, असं सगळ्यांना वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, पोरीला भांडता तरी आलं असतं. आबा हळूच म्हणाले, "बदल की. तुजं नाव हाय, तुज्या पोटापान्याचा प्रश्न हाय. मी कोन न्हाई म्हननार?" मग घास तसाच हातात ठेवून म्हणाले, "पन मंग मी तुला काय म्हनू?"

राजपत्र राहून गेलं.

शेवटी नोकरी मिळाली ती सावेडीतल्या एका गाळ्यात. सांधेदुखीवरचं तेल फोनवरून विकायचं. दहा-बारा मुली ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीच्या कानाला हेडफोन, आणि समोर काय बोलायचं त्याचा छापील कागद. मालक सुहास सर, पस्तिशीचे, बोलायला गोड. त्यांनी नावाला हसून विचारलं, "फोनवर दुसरं नाव घेशील ना?" तिनं जराही न थांबता सांगितलं, "दिशा." आईनं बाजूला ठेवलेलं नाव तिला असं तेलाच्या धंद्यात वापरायला मिळालं. रोज सकाळी तिसगावहून एसटी धरायची, करंजीचा घाट ओलांडायचा, माळीवाड्याला उतरून सावेडी गाठायची आणि दिवसभर दिशा व्हायचं. तिला ते आवडायचं, हे कशाला लपवा? लोक फोन आदळायचे ती गोष्ट वेगळी.

तेल कसलं होतं ते तिनं मागच्या खोलीत बघितलं होतं. तिळाच्या तेलात कापूर आणि हिरवा रंग. त्यानं कुणाचं वाईट होणार नव्हतं, आणि गुडघे तर मुळीच बरे होणार नव्हते. मन खायचं. पण घरी गहिनीनाथ दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, पोरगी नगरला तेलाच्या कंपनीत, ऑफिसात आहे. नोकरी सोडायची म्हणजे पुन्हा त्या साहेबांपुढं जाऊन बसायचं, आणि पुन्हा त्यांनी विचारायचं, त्या नाही आल्या का?

एके दुपारी खर्ड्याकडच्या एका म्हातारीला फोन लागला. साळूबाईनं कागदावरचं सगळं म्हणून दाखवलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, ते ऱ्हाऊ दे. तू कोन बोलतीयास?" त्या आवाजात काय होतं कोण जाणे. सकाळपासून फोन आदळून घेऊन पोरगी कंटाळली होती. तोंडातून खरं नावच निघून गेलं. "मी साळूबाई बोलतेय." पलीकडून म्हातारी म्हणाली, "अगं बया! माज्या नंदंचं नाव. लई मायेची हुती गं." आणि मग नणंदेच्या सगळ्या आठवणी सांगून झाल्यावर, स्वतःहून, "दे पाठवून दोन बाटल्या," म्हणाली.

साळूबाईला हसू आलं, आणि मग मागच्या खोलीतला हिरवा रंग आठवला. पण दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम तसंच करून बघितलं. दिशाचा फोन आदळणारी माणसं साळूबाईशी बोलायची. कुणाची मावशी साळूबाई होती, कुणाची चुलती. पिकलेल्या माणसांच्या जगात त्या नावाला अजून किंमत होती, सगळ्या जिल्ह्यात तेवढीच जागा उरली होती. महिनाअखेरीला तिची विक्री सगळ्यांत जास्त भरली. सुहास सरांनी तिच्या फोनचं रेकॉर्डिंग लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या सकाळी सरांनी सगळ्या मुलींना उभं केलं आणि सांगितलं, "आजपासून इथे सगळ्या साळूबाई."

मुली खिदळल्या. शेजारच्या खुर्चीवरची मनवा, जिनं उभ्या आयुष्यात म्हैस जवळून बघितली नव्हती, ती नाकातून आवाज काढून म्हणाली, "नमस्कार आज्जी, मी साळूबाई बोलतेय." सगळा गाळा हसला. साळूबाई सरांपाशी गेली. "सर, ते माझं नाव आहे."

"तुझंच आहे की," सर म्हणाले. "आम्ही कुठं नेतोय?"

नाव काही डबा नाही, हिसकून घेता येईल असा. दिवसभर चारी बाजूंनी तिच्या पणजीचं नाव ऐकू येत राहिलं. कुणी गोड करून घेत होती, कुणी घाईघाईनं, कुणी जांभई देत. ज्या नावानं तिची प्रत्येक दारात हेटाळणी झाली होती, ते आता सगळ्यांना हवं होतं, आणि तिला त्यातलं काहीच मिळत नव्हतं. थोड्या दिवसांनी गुडघे बरे न झालेल्यांचे फोन यायला लागले. "कुठंय ती साळूबाई? द्या तिला फोन!" कुणाला द्यायचा? मुली एकमेकींकडे बघायच्या आणि हसून फोन तिच्याकडे वळवायच्या, म्हणायच्या, खरी तर तूच आहेस. मग इतरांनी विकलेल्या तेलाच्या शिव्या ती खाली मान घालून ऐकायची. एक म्हातारा तर म्हणाला, "कुन्या रांडंनं ठिवलं तुजं नाव?" त्या दिवशी ती मोरीत जाऊन खूप रडली.

शनिवारी तिनं ठरवलं. बास. सोमवारपासून जायचं नाही. पुन्हा उंबरे झिजवू, मावश्यांच्या रांगेत बसू, पण हे नको. एसटीत बसल्या बसल्या घरी काय सांगायचं ते तिनं मनात जुळवलं. आबांना आधी सांगायचं आणि सगळं खरं सांगायचं. आबांना पटेल. नावाचा असा बाजार मांडलेला त्यांना कसा खपेल? घाट ओलांडेपर्यंत तिला हलकं वाटायला लागलं होतं.

घरी पोचली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. ओट्यावर आबा धोतर गुडघ्यावर सारून बसले होते. शेजारच्या रतनबाई आणि आणखी दोघी त्यांच्यापुढं बसल्या होत्या. आबांच्या हातात हिरवी बाटली होती.

"आलीस का आई!" आबा म्हणाले. "ये, ये. तुजीच वाट बगत हुतो."

तिचे पाय अंगणातच थांबले. "आबा, हे कुणी दिलं?"

"फोन आल्ता. म्हनली, मी साळूबाई बोलतीय."

"ती मी नव्हते, आबा."

"मला म्हाईत न्हाई व्हय? तुजा आवाज वळखत न्हाई का मी? दुसरीच कोनतरी हुती, शहरातली." आबा हसले. "पन तिनं नाव घेतलं ना. माज्या आईला मी जन्मात कधी न्हाई म्हनलो न्हाई. मंग फोनवर कसं म्हनू? घेतल्या चार बाटल्या."

रतनबाईनं पदराआडून आपली बाटली काढून दाखवली. "मीबी घेतली. ह्या दोघींनीबी. म्हनलं, आपल्याच पोरीच्या कंपनीचं हाय. ती काय आपल्याला फशिवती?"

दारात सुरेखा उभी होती. गहिनीनाथ टेम्पो पुसता पुसता थांबला होता आणि लेकीकडे मोठ्या कौतुकानं बघत होता. एसटीत जुळवलेलं सगळं साळूबाईच्या तोंडापर्यंत आलं. बोलायला हवं होतं. आता नाही तर कधीच नाही. तिनं आबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. आबा लहान पोरासारखे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"सांग गं आई ह्यांला," आबा म्हणाले. "गुन येतो का न्हाई? ह्या रतनीला इस्वास न्हाई. तू सांगितलं म्हंजे झालं."

साळूबाईनं खांद्यावरची पर्स खाली ठेवली.

"येतो," ती म्हणाली. "पण रोज लावावं लागतं. मधे खंड पडू द्यायचा नाही."

हे वाक्य ऑफिसातल्या त्या छापील कागदावर अगदी शेवटी होतं.

"ऐकलं का?" आबा बायकांना म्हणाले. साळूबाई ओट्यावर बसली, हातावर तेल घेतलं आणि आबांच्या गुडघ्याला चोळायला लागली. थोड्या वेळानं रतनबाईनंही लुगडं सारलं आणि आपला पाय पुढं केला.