बाबांची मंगलाष्टकं उघडेनात

लग्न उद्यावर आलेलं, आणि माझा लॅपटॉप मला सांगत होता की ही फाइल उघडायची तुम्हाला परवानगी नाही. माझ्या घरात, माझ्याच टेबलावर, माझ्याच बापाची फाइल. मी पुन्हा क्लिक केलं. मग रागारागानं करत सुटले. त्याला काय त्याचं, तो आपला दरवेळी तीच पाटी दाखवत बसला.

फाइल होती बाबांनी रचलेल्या मंगलाष्टकांची. आमच्याकडे गुरुजींची ठरलेली म्हणून झाली की घरातलं कुणीतरी स्वतः रचलेली म्हणतं. त्यात नवरा-नवरीची नावं असतात, आत्या-मामा, काका-मावशी सगळे गुंफलेले असतात, आणि कुणी राहिलं तर ते वर्षभर रुसून बसतं. हे काम कायम बाबांचं. शाळेत मराठी शिकवण्यात जन्म गेला, वृत्त त्यांच्या तोंडातच बसलेलं. माझ्या लेकीची मंगलाष्टकं तर त्यांनी तिचं लग्न ठरायच्या कितीतरी आधीच रचून ठेवली. “डोकं ठिकाणावर आहे तोवर उरकून घेतो,” म्हणाले होते. हात थरथरायचा, म्हणून कागदाच्या नादी न लागता कंप्यूटरवर दोन बोटांनी टाइप करत बसायचे. नवरदेव कोण ते माहीत नव्हतं, तिथे टिंबं देऊन जागा सोडली होती. आम्ही सगळे हसलो होतो तेव्हा.

पुढे खरंच विसरायला लागले. आता चहा घेतला की नाही तेही आठवत नाही. स्वतःचे श्लोक कुठले आठवायला? पण समोर लिहिलेलं ठेवा, आजही खणखणीत वाचतात. लेकीचा हट्ट एवढाच होता की उद्या आजोबांनीच म्हणायचं. “आई, डीजे कॅन्सल कर, पार्लर कॅन्सल कर, मला चालेल. हे नाही,” असं तिनं मला बजावलं होतं. व्याही देपालपूरचे, हिंदी बोलणारे. त्यांनासुद्धा तिनं सांगून ठेवलेलं, नानाजी खुद गाएंगे.

आणि कंप्यूटर नेमका याच आठवड्यात बसला. शहराच्या एका टोकाला आमचं राऊ, दुसऱ्या टोकाला विजय नगर, तिथपर्यंत रेंगाळत, हॉर्न ऐकत तो घेऊन गेले. दुकानदारानं त्यातली डिस्क काढून एका डबीत बसवून दिली. “डेटा एकदम सही है मैडम. घर जाके केबल लगाओ, खुल जाएगा.”

खुल जाएगा म्हणे.

दुपारची वेळ, घर पाहुण्यांनी भरलेलं. बाबांना गर्दीत चैन पडत नाही, ते माझ्या खुर्चीमागे येरझारा घालत होते.

“झालं का गं?”

“होतंय बाबा.”

“काय होतंय?”

“मंगलाष्टकं उघडतेय.”

“अरे वा. लग्न कुणाचं?”

मी सांगितलं. ते खूश झाले, दारापर्यंत गेले, परत आले आणि पुन्हा विचारलं. नवरा दारातून डोकावून म्हणाला, “रीस्टार्ट करून बघ ना यार.” मी त्याच्याकडे असं बघितलं की तो तिथूनच परत गेला. दुकानाचा फोन कुणी उचलत नव्हतं. ऑफिसात असं काही झालं की आयटीवाल्या पोराला ‘भिया’ म्हणून हाक मारायची, एवढीच माझी अक्कल. पण रविवारी त्याला कुठे शोधू? शेवटी मोबाइलवर वाचत वाचत मीच सुरू केलं.

फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, मग सिक्युरिटी, मग अॅडव्हान्स्ड. तिथे मालकाच्या नावापुढे लिहिलं होतं, अनोळखी खातं, आणि पुढे एक लांबलचक आकडा. बाबांचं खातं होतं जुन्या कंप्यूटरवर. या लॅपटॉपला ते कोण हेच माहीत नाही, म्हणून तो त्यांच्या फाइलीला कुणालाच हात लावू देईना. ते वाचून मला भरून आलं, आणि भरून आलं म्हणून स्वतःचाच राग आला. ही काय वेळ होती रडायची? मालक बदला म्हणे. बदलला. माझं नाव टाकलं.

फोल्डर उघडला. आतली फाइल दिसली. क्लिक केलं, तर पुन्हा तीच पाटी.

तेव्हा मात्र मी हात टेकले. कपाळ धरून बसले. बाहेर नणंद गजऱ्यांचं काय झालं विचारत होती, तिच्यावर उगाच खेकसले. मग पुन्हा वाचलं तेव्हा कळलं. मालक बदलताना खाली एक चौकट असते, आतल्या फाइलींचाही मालक बदला म्हणून. ती मी बघितलीच नव्हती. परत सगळं पहिल्यापासून. चौकटीत टिक. आता परवानग्यांच्या यादीतही माझं नाव घातलं, सगळे अधिकार दिले, तेही आतल्या फाइलींसकट. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि माझा पाय टेबलाखाली थांबत नव्हता.

उघडली.

मी लेकीला हाक मारली. ती मेंदीचे हात वर धरून धावत आली. बाबांना खुर्चीत बसवलं, अक्षरं मोठी केली. त्यांनी चष्मा नीट केला, घसा खाकरला आणि सुरू झाले. अगदी चालीत, कुठे अडखळणं नाही. बाहेरचे आवाज थांबले, एकेक जण दारात येऊन उभा राहिला. टिंबं आली तिथे ते थांबले. लेकीनं हळूच नवरदेवाचं नाव सांगितलं. बाबांनी ते वृत्तात बसवलं आणि तसेच पुढे म्हणत गेले. मी रडत होते, लपवलं नाही.

संपल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“फार सुंदर लिहिलंय,” म्हणाले. “कुणी लिहिलंय हे?”

“तुम्हीच, आजोबा,” लेक म्हणाली.

“छे गं. मला कुठलं असलं जमायला.” ते हसले. मग मला जवळ बोलावून, पाहुण्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, “त्या गृहस्थांना आमंत्रण गेलंय ना? राहून गेलं तर बरं दिसत नाही.”

“गेलंय बाबा,” मी म्हटलं. “येतो म्हणालेत.”