नायलॉनच्या साडीखालचा पंख

मी चौथीपर्यंत शिकलो. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे कुणी शुद्धलेखन तपासत बसणार नाही. पण फायबरचं काम मला शिकवायला कुणी येऊ नये. बोईसरच्या कारखान्यात छत्तीस वर्षं मी ॲसिडच्या टाक्या बनवल्या. काचेचं कापड अंथरायचं, ब्रशने त्याला रेझिन, म्हणजे सुकून दगड होणारा चिकट रस, पाजायचं, वर पुन्हा कापड, पुन्हा रेझिन. टाकी गळली तर माणूस भाजतो, म्हणून आमचा एकच नियम होता: शंका आली की एक थर जास्त. माझी एकही टाकी गळली नाही.

शेवटच्या वर्षी पातळ, हलक्या फायबरचं काम आलं, ते साहेबाने नव्या माणसांना दिलं. मला म्हणाला, "काका, तुमचा हात जाड आहे. हे नाजूक काम तुमच्याकडून होणार नाही." निवृत्त होऊन घरी बसलो तेव्हा मनात पक्कं केलं, याच हाताने हवेत तरंगेल अशी वस्तू करून दाखवायची. नाही जमलं, तर साहेब खरा.

ग्लायडर मी मोबाइलवर बघितलेला. बिनइंजिनाचं विमान, पंखांची लांबी चार मीटर, आणि खाली उभा माणूस ते रिमोटने वळवतो. व्हिडिओतला माणूस काय बोलतो ते कळत नसे, मी त्याचे हात बघायचो. उडवायला शिकलो ते फोमच्या लहान विमानावर. दोन हिवाळे गेले त्यात. ते किती वेळा मोडलं ते विचारू नका.

मग मोठ्याला हात घातला. थर्माकोल कापून पंखाचा आकार केला, वर काचेचं कापड घातलं, आणि सवयीने टाकीचंच रेझिन लावलं. चहा पिऊन येतो तर पंखाला खड्डे. रेझिनने आतला थर्माकोल खाऊन टाकलेला! टाकीत थर्माकोल कधी घातला होता मी, की मला ठाऊक असावं? बायको ओटीवर आली, बघून म्हणाली, "घावन बरं जाळीदार झालंय."

थर्माकोलला न खाणारं दुसरं रेझिन असतं, इपॉक्सी. ते मागवलं. या वेळी पंख असा झाला की वर माणूस उभा राहावा. शंका येईल तिथे एक थर जास्त दिलेला.

उडवायला गेलो उमरोळीला, मेहुण्याच्या शेतात. तारापूरच्या बाजूला अणुवीज केंद्र, तिकडे हवेत काही सोडायचं नाही. उमरोळीला भात कापून झाला की सगळं मोकळं. रबरी नळी आणि मासळीच्या जाळ्याची दोरी एकत्र बांधली, एक टोक खुंटीला, दुसरं विमानाच्या पोटाखालच्या हुकाला. बेचकीसारखं मागे ताणायचं आणि सोडायचं. सोडलं. माडाएवढं चढलं, आणि नारळासारखंच खाली आलं.

मेहुणा म्हणाला, "भावोजी, इमान हाय की टाकीचं झाकण?"

"हसू नको. वारा नाय आज."

"वारा हाय की. माझी टोपी कुठं गेली बघा."

विमानाचं नाक चेपलं होतं, पण पंखाला ओरखडासुद्धा नव्हता. खरं सांगतो, मला त्याचाही अभिमान वाटला.

घरी बायकोने पंखावर बोट फिरवलं. "हे काय चमकतंय?"

"रेझिन."

"एवढं पाजलंत? वडा तळायला तेल लागतं, पण मी तो कागदावर टाकून तेल काढून घेते ना? तुमचा पंख तेलकट झालाय."

मी भडकलो. छत्तीस वर्षं काम केलेल्या माणसाला वडे सांगते! दोन दिवस पंखाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ती शेजारी गेली असताना एक तुकडा करून बघितला. कापडाला रेझिन पाजलं, वर कागद दाबला. कागद चिकटून बसला. तेवढ्यात ती दारात.

"कागद असा नाय टाकायचा," म्हणाली, आणि ट्रंकेतून नायलॉनची जुनी साडी घेऊन आली. "हिला कायपण चिकटत नाय. इतक्या वर्षांत एक डाग धरला नाय हिने."

साडीची पट्टी फाडताना तिचा हात थांबला नाही, माझा थांबला असता. पट्टी रेझिनवर अंथरली, तिच्यावर कागद, आणि वरून लाटणं फिरवलं. जास्तीचं रेझिन साडीतून वर येऊन कागदात गेलं. सुकल्यावर साडी केळीच्या सालीसारखी निघाली. तुकडा वजनाला निम्मा, आणि गुडघ्यावर वाकवला तरी मोडेना.

नवा पंख तसाच केला. मधे, जिथे सगळा ताण येतो, तिथे कार्बनच्या धाग्यांची काळी पट्टी. बाकी कापडाचा एकच थर. तो देताना मला घाम फुटला होता.

पुन्हा उमरोळी. भर दुपार, कोरडी ढेकळं तापलेली. या वेळी विमान बायकोने डोक्यावर धरलं, एका हाताने.

"सोडू?"

"सोड!"

सरळ वर गेलं, दोरी गळून पडली. दोन वळणं घेतली आणि हळूहळू उतरू लागलं. खळ्यावर एक घार पंख न हलवता फिरत होती, म्हणजे तिथे तापलेली हवा वर चढत होती. विमान तिच्याकडे नेलं. एका बाजूचा पंख जरा उचलला गेला. त्याच बाजूला वळवलं, आणि विमान चढायला लागलं.

मेहुण्याची विडी विझली तरी तो ती ओढत होता. "भावोजी," तो हळूच म्हणाला, "घार खाली राहिली."

मान दुखायला लागली तेव्हा उतरवलं. बायकोने पंखावर बोट फिरवलं, मग दोन बोटं एकमेकांवर घासून बघितली. "आता वाढायला हरकत नाय," म्हणाली.

तोंडावर तिचं कौतुक करणं माझ्या स्वभावात नाही. पण पुढचा पंख आणखी मोठा काढलाय, उरलेल्या साडीत बसेल एवढा. काम करताना शंका अजून येते. थर एकच देतो.