शंभर टक्क्यांबाहेरची

मॅडमनी आईला शाळेत बोलावलं, तेव्हा आईने ब्लाउजांची पिशवीही सोबत घेतली. माझ्या वर्गशिक्षिका आईच्या गिऱ्हाईक होत्या. अकोल्याला जठारपेठेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आई शिवणकाम करायची आणि मॅडमचे सगळे ब्लाउज तिच्याच हातचे असायचे. एका फेरीत दोन कामं होतील, असा तिचा विचार.

नववीचा निकाल नुकताच लागला होता. दुसऱ्या सत्रात मला कावीळ झाली, शाळा बुडाली आणि गणितात मी नापास झाले. आईला वाटलं होतं, मॅडम फार तर पुन्हा नववीत बसवतील. तिने तशी तयारीही दाखवली. मॅडमनी मान हलवली आणि अगदी मायेच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, आमच्या दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागतो. हिच्या एकटीमुळे तो खाली यायला नको. हिचा दाखला काढून घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा."

सतरा नंबर म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं. शाळेच्या निकालात मग तुमची मोजदाद नसते. तुम्ही पास व्हा, नापास व्हा, शाळेला डाग लागत नाही.

मॅडमनी पिशवीतून ब्लाउज काढला, हूक तपासले आणि बाही थोडी सैल झालीय म्हणाल्या. आईने तो परत पिशवीत घातला. मला दाखल्याचं जेवढं लागलं नाही, तेवढं त्या बाहीचं लागलं.

घरी येताना मी आईला विचारलं, ती बाही तू काहून नीट करून देतेस? आई म्हणाली, गिऱ्हाईक आहे. एवढंच. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. संध्याकाळी त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की शाळावाल्यांशी भांडून आपल्यासारख्यांचं भागत नाही. मी त्या दिवशी जेवले नाही. कुणी फारसा आग्रहही केला नाही.

पण त्याच दिवशी माझं एक ठरलं. मॅडमला मी परीक्षेत हरवू शकत नव्हते, कारण त्या परीक्षेला बसणार नव्हत्या. त्यांची मुलगी बसणार होती. ती माझ्याच वर्गात, पहिल्या बाकावर बसायची. गणितात पहिली यायची. तिने माझं काहीही वाकडं केलेलं नव्हतं. तरी मी तिलाच धरलं. बोर्डात गणिताला तिच्यापेक्षा एक तरी मार्क जास्त. बाकी विषय गेले खड्ड्यात.

फॉर्म अकोल्यातल्याच दुसऱ्या एका शाळेतून भरला आणि मला अभ्यासाला अमरावतीला मावशीकडे पाठवलं. मावशी नर्स. भातकुलीकडच्या एका उपकेंद्रात नोकरी, रोज स्कूटीने जाणं-येणं. लग्न केलेलं नव्हतं आणि बोलणं तिखट. पहिल्या दिवशी मी तिच्यासमोर रडायला लागले, तर तिने पोळ्या लाटता लाटता विचारलं, "रडून कोनाले दाखवून राहिली? मी तं तुले ओळखतो. ज्या बाईले दाखवायचं, ते इथं नाई."

मावशीच्या वरच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहायची. सेमाडोहकडची, कृषी महाविद्यालयात शिकणारी. मावशीने तिच्याशी सरळ व्यवहार ठरवला. दोन वेळचं जेवण खाली, आणि त्याबदल्यात माझं गणित. ती फार शांत होती. मी उदाहरण चुकले की वही तशीच ढकलायची आणि पुन्हा कर म्हणायची. एकदा मी तिला सगळी हकीकत सांगितली, मॅडम, बाही, पहिला बाक, सगळी. मला वाटलं, ती म्हणेल की राग सोडून दे. ती म्हणाली, राग ठेव, पण कंसातलं चिन्ह आधी बदल.

रागाने गणित सुटत नाही. पण रागाने माणूस जागेवर बसून राहतं, हे मी त्या वर्षी शिकले. कंटाळा आला की मी मॅडमचा आवाज आठवायचे, तो 'ताई' म्हणणारा मऊ आवाज, आणि पुढचं उदाहरण घ्यायचे. प्रमेयं पाठ करताना तर मी त्यांच्याशी भांडतच असे. समजा, कोन अमुक. समजा, मुलगी नालायक. सिद्ध करा. मावशी म्हणायची, ही पोरगी भूमिती करून राहिली की कोनाले शिव्या देऊन राहिली, समजत नाई.

दिवाळीत अकोल्याला गेले, तेव्हा मॅडम आईकडे आलेल्याच होत्या. नवीन साडीवरचा ब्लाउज होता. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होते. त्यांनी माझी चौकशी केली आणि म्हणाल्या, पस्तीस मिळाले तरी पुष्कळ, पुढे मुलींना काही ना काही कोर्स असतात. आई नुसती हं म्हणाली. त्या गेल्यावर मी त्या ब्लाउजच्या कापडाकडे बराच वेळ बघत होते. आईने कात्री उचलली आणि दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली.

परीक्षेचं केंद्र आलं ते माझ्या जुन्याच शाळेत. हॉल तिकिटावर शाळेचं नाव वाचून वडील म्हणाले, बदलून मिळतं का बघू. मी म्हटलं, अजिबात नाही.

बाहेरून बसणाऱ्यांची खोली व्हरांड्याच्या टोकाला, मुतारीच्या बाजूला होती. माझ्यासोबत दोनदा नापास झालेले, लग्न झालेल्या दोघी, एक गॅरेजमधला. बाकावर खडूने बैठक क्रमांक लिहिलेले. पहिल्या पेपरला मॅडम व्हरांड्यात दिसल्या. त्यांनी मला ओळखलं, हसून हात वर केला आणि ऑल द बेस्ट म्हणाल्या. मी मान खाली घातली नाही. पण उत्तरही दिलं नाही.

बीजगणिताच्या पेपरला अर्धा तास झाला असेल, तेव्हा शेजारच्या खोलीतून आवाज यायला लागला. मधली भिंत वरपर्यंत नव्हती. कुणीतरी सावकाश, अक्षर अक्षर सुटं करून पहिल्या प्रश्नाची उत्तरं सांगत होतं. पहिल्याचं ब. दुसऱ्याचं क. आवाज शाळेतल्याच एका सरांचा होता. ती खोली शाळेच्या मुलांची, आणि सूचनाफलकावरच्या यादीप्रमाणे मॅडमची मुलगी तिथेच बसली होती. आमच्या खोलीतले सगळे कान टवकारून लिहायला लागले. शंभर टक्के कसे लागतात, ते मला तेव्हा कळलं.

मीही ऐकत होते. मी सोडवलेलं होतं, म्हणून पडताळून पाहत होते. त्यांतलं एक उत्तर चूक होतं. सरांचं चुकलं होतं. मी कच्च्या पानावर ते उदाहरण पुन्हा करून पाहिलं. माझंच बरोबर होतं. मला इतका आनंद झाला की मी पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली आणि भिंतीपलीकडचा आवाज एकदम बंद झाला. भरारी पथक आलं ते थेट आमच्याच खोलीत. बाहेरून बसणारे म्हणजे कॉपी करणारच. एका अधिकारी बाईंनी माझा कंपास उलटा केला, ओढणी झटकून पाहिली. काही सापडलं नाही. मग त्यांनी माझ्या पेपरकडे पाहिलं, जरा थांबल्या आणि हळूच विचारलं, "आम्ही यायच्या आधी शेजारी काही सांगत होते का?"

एक शब्द पुरेसा होता. ते सर गेले असते, शाळेचं केंद्र गेलं असतं, मॅडमचे शंभर टक्के पार धुळीला मिळाले असते. ते उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं.

त्यात चांगुलपणा नव्हता. पेपर रद्द झाला असता, तर मॅडमच्या मुलीचे मार्क मला पाहायला मिळाले नसते. मला ते हवे होते, पूर्ण छापून आलेले. चूक उत्तरासकट.

निकाल मे महिन्यात लागला. मी परीक्षेपासून अकोल्यालाच होते; मावशीने उपकेंद्रातून फोनवर बघून कळवला. मॅडमच्या मुलीचा बैठक क्रमांक मी यादीवरून उतरवून मावशीला दिला होता. गणितात मी तिच्या दोन मार्क पुढे होते. एकूण टक्क्यांत ती माझ्या बरीच पुढे, पण ते मी कुणाला विचारलंच नव्हतं. मावशी म्हणाली, झालं तुह्यं समाधान? मी हो म्हटलं. खरं तर झालं नव्हतं. मॅडमला हे कळल्याचं मला माझ्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

दोन दिवसांनी त्या स्वतःच आमच्या घरी आल्या. पेढे घेऊन. शाळेचा फ्लेक्स लागणार होता आणि गुणवंतांमध्ये माझाही फोटो टाकायचा होता. शेवटी ती आमचीच विद्यार्थिनी, म्हणाल्या. पाया आमच्याकडेच घातला गेला. आई मशीनवर बसली होती. तिने पायडल थांबवलं. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला गिऱ्हाइकाशी असं बोलताना ऐकलं.

"तुमचे शंभर टक्के हिच्याबिगर झाले ना, मॅडम? मंग तसेच राहू द्या."

पेढ्याचा डबाही तिने परत दिला. मॅडमचा चेहरा पडलेला मी बघितला. तो चेहरा मी अजूनही कधीकधी आठवते आणि मला बरं वाटतं.

फोटो त्यांनी तरीही छापला. नववीच्या वर्गाच्या फोटोतून माझं तोंड कापून, मोठं करून. चौकात, पानटपरीच्या वर फ्लेक्स लागला. माझ्या फोटोखाली नाव, गणिताचे मार्क आणि 'मार्गदर्शन' म्हणून मॅडमचं नाव.

आईने पाहिलं, घरी आली आणि कापड कापायची मोठी कात्री माझ्या हातात दिली. मी भर दुपारी चौकात गेले. पानटपरीवाल्याकडे स्टूल मागितलं. त्याने कशाला म्हणून विचारलं, मी वर बोट दाखवलं. त्याने एकदा फ्लेक्सकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि स्टूल धरून उभा राहिला. मी माझं तोंड, माझं नाव आणि खालचं मार्गदर्शन असा सगळा चौकोन कापून काढला. ऊन मी म्हणत होतं, कात्री तापली होती. येणारे-जाणारे थांबून बघत होते. कुणी अडवलं नाही. पाऊस लागेपर्यंत तो फ्लेक्स तसाच होता, मधोमध भोक पडलेला, आणि त्या भोकातून मागची विजेची तार दिसायची. मी रोज तिकडून जायचे. कामाशिवाय जायचे.

अकरावीला मॅडमची मुलगी माझ्याच कॉलेजात आली. पहिल्या आठवड्यात तिने मला गाठलं. मला वाटलं, भांडेल. ती म्हणाली की दोन मार्कांवरून तिची आई आठवडाभर तिच्याशी बोलली नव्हती. सतरा नंबरवाली पुढे गेली, हे तिला जेवताना ऐकवलं जायचं. मग म्हणाली, "ते सर सांगत होते ना, तेव्हा मी कानात बोटं घालून बसले होते. माझा तेवढाच वेळ गेला."

म्हणजे ते चूक उत्तर तिने लिहिलंच नव्हतं. मी वर्षभर ज्याला पकडून बसले होते, ते माणूस असं होतं. मला तिची दया आली. आम्ही मैत्रिणी झालो नाही. दोन वर्षं एकमेकींना दिसलो की मान हलवायचो.

मॅडमची दया मात्र मला आली नाही. अजून येत नाही. मी आता अमरावतीला बँकेत आहे, मावशीकडेच राहते. लोक म्हणतात, वय झालं की असलं सगळं विरघळतं. माझं वय फार नाही, हेही खरं. गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर निरोप समारंभाचं आमंत्रण आलं. त्यात लिहिलं होतं की मॅडमनी असंख्य मुलं घडवली आणि त्यांच्याविषयी दोन शब्द बोलू इच्छिणाऱ्यांनी नावं द्यावीत. बरीच नावं आली. मीही बोटं कीबोर्डवर ठेवून बसले होते. दोन शब्द माझ्याकडे होते. मग मावशीने जेवायला हाक मारली आणि मी फोन बाजूला ठेवला.

समारंभ रविवारी होता. मला सुट्टी होती, काही काम नव्हतं. मी गेले नाही.