पणजीचे नवे बार आणि न थांबणारा वासू

पणजीत बसायला कुठला बार चांगला, असं नातू विचारतो तेव्हा मला हसू येतं. बसायला? मी आयुष्यात कुठल्याच बारमध्ये धड बसलेलो नाही. ही खोड लागली ती गोवा मुक्त झाल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात.

आमच्या इन्सुलीत तेव्हा कडक दारूबंदी, आणि पत्रादेवीची हद्द ओलांडून गोव्यात गेलं की हवी तेवढी. पणजीत नवनवे बार, क्लब निघताहेत असं रोज कानावर येई. माझे पाय शिवशिवत होते. निमित्त मिळालं वासूचं. वासू दशावतारी कंपनीत पेटी वाजवायचा आणि माझी बहीण शाली त्याच्यावर जीव टाकून होती. बाबांचं म्हणणं एकच: गावोगाव हिंडणाऱ्याला मुलगी देणार नाही, एका जागी बसून कमवत असेल तर बोलू. वासूकडे बोटीवरच्या मामानं आणलेला अकॉर्डियन होता. एखाद्या क्लबात वाजवायची नोकरी मिळाली की लग्न पक्कं!

रविवारी सकाळी निघालो. बांद्यापर्यंत एसटी, पुढे म्हापशाला लाकडी बाकांची खाजगी बस, अंगात एक हाड जागेवर राहिलं नाही. मग बेतीहून फेरीबोट. आता तुम्ही पुलावरून भुर्रकन जाता, पण एकदा फेरीनं जाच, पणजी हळूहळू जवळ येताना बघण्यासारखी आहे. मला कसला धीर, मी सगळ्यांच्या पुढे साखळीला टेकून उभा होतो.

धक्क्याजवळचा पहिला बार अंधारा आणि माश्या घोंगावणारा. दुसऱ्यात नवा ग्रामोफोन, तिथे वाजवणारा कशाला हवा? तिसऱ्यात चोरीस-पाव, म्हणजे डुकराच्या तिखट सॉसेजचा पाव, झकास, फेणीला मात्र नुसता वास. वासू अर्धा पाव खातोय तोवर मी दारात. "रे, माका गिळूक तरी दी," तो म्हणाला.

दुपार उतरताना चर्चमागच्या गल्लीत एक नवा क्लब सापडला. गुळगुळीत लाकडी जमीन, लाल दिवे, आणि नेमका वाजवणारा आजारी. मालकानं वासूला खुर्ची दिली. वासूनं सूर धरला आणि जोडपी उठली. काय वाजवलं पठ्ठ्यानं! पण गाणं संपेचना. एकेक जोडपं धापा टाकत बाजूला झालं, तरी एक म्हातारा-म्हातारी गिरक्या घेत राहिली आणि वासूची नजर त्यांच्या पायांवर. दशावतारात पेटीवाल्याचा नियमच तो: पात्र थांबेपर्यंत पेटी थांबत नाही. इकडे म्हातारी बिचारी गाणं थांबायची वाट बघतेय!

शेवटी ती मटकन बसली तेव्हा वासू थांबला. मालक हसत होता, पण स्पष्ट बोलला, "बोटां बरीं तुजीं. पूण लोक बसले ना जाल्यार पियेतले केन्ना?" लोक बसलेच नाहीत तर पिणार कधी, हा त्याचा हिशेब. तरी नोकरी द्यायला तो तयार होता. अट एवढीच, त्यानं रुमाल हलवला की गाणं बंद.

पुन्हा सुरू झालं. रुमाल हलला. दम खाऊन पुन्हा नाचायला उठलेली म्हातारी तेव्हा नेमकी गिरकीच्या मध्यावर होती. वासू वाजवत राहिला. ती नीट उभी राहिल्यावर त्यानं अकॉर्डियन उतरवून ठेवला.

"तिचो पाय वर आसा आणि मी हात कसो काढू? माका जमाचा नाय."

मी संतापलो. हातातोंडाशी आलेलं लग्न घालवलंस म्हणून फेरीवर त्याला वाट्टेल ते बोललो. तो अकॉर्डियन पोटाशी धरून बसला. इन्सुलीच्या नाक्यावर शिपायानं बाटली शोधायला अकॉर्डियनचा भाता दाबून बघितला, तेव्हा निघाला तो एक लांब सूर.

घरी सगळं रागारागात सांगितलं. शालीनं एवढंच विचारलं, "ती म्हातारी पडाक नाय मा?" नाही म्हणालो. बाबांनी तोंडातलं पान थुंकलं. मग म्हणाले, "फुडल्या रविवारी तेका जेवूक बोलव."

त्यानंतर मी मुंबई ते मडगाव किती बार बघितले, देव जाणे. प्रत्येक ठिकाणी वाटलं, पुढचा याहून बरा असेल. वासू मात्र शालीशी लग्न झाल्यावरही, म्हातारा होईपर्यंत, त्याच कंपनीत राहिला.

आता शालीचे गुडघे गेलेत. देवळाच्या पायऱ्या चढताना ती मध्येच उभी राहते. मी वर पोचून हाका मारत असतो. वासू तिच्या एक पायरी पुढे, पुढचा पाय न उचलता, तिनं निघावं म्हणून थांबलेला असतो.