आधी टाळी, मग गिटार

फोन आला तेव्हा मी महागावच्या घरी डाळीला फोडणी देत होते. दिग्रसहून माझी भावजय सुजाता बोलत होती. "ताई, तुम्ही या," एवढंच म्हणाली आणि मी समजून चुकले. धाकटा भाऊ आधी जातो तेव्हा मोठ्या बहिणीला रडू यायच्या आधी राग येतो, हे मला त्या दिवशी कळलं. एसटीत बसून मी मिलिंदला मनातल्या मनात शिव्या घालत होते. रांगेत मी पुढे होते, तू मध्ये कसा घुसलास रे?... घरासमोर माणसंच माणसं होती. मी त्यांच्यातून वाट काढून सरळ त्याच्या गिटारच्या खोलीत शिरले. आत कोणी नव्हतं. कोपऱ्यात लाकडी स्टुलावर त्याचा छोटा अँप्लिफायर चालूच होता. लाल दिवा लागलेला, बारीक गुणगुण सुरू. अँप्लिफायर म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. त्याची पेटी जुन्या रेडिओसारखी व्हॉल्व्हवर चालणारी, म्हणून ती आधी गरम व्हावी लागे. रोज सकाळी तो अँप सुरू करायचा, व्हॉल्व्ह तापेपर्यंत चहा घ्यायचा आणि मग वाजवायला बसायचा. त्या दिवशी चहाचा कप हातात असतानाच छातीत कळ आली. सगळे त्याला घेऊन दवाखान्यात धावले आणि हा बिचारा मागे तापत बसला. घरातल्या कोणाचा त्याला हात लावायचा धीर होत नव्हता. शेवटी मीच बंद केला. आधी बारकं बटण, मग मोठं. उलटं केलेलं मिलिंदला खपायचं नाही.

त्याला आता महिना होऊन गेला. रडायचं तेवढं रडून झालं. आज मला त्याच्या विजयाची गोष्ट सांगायची आहे, कारण माझा भाऊ जिंकलेला माणूस होता आणि ते पाहायला मी पहिल्या रांगेत, खरं तर स्टेजवरच होते.

आमच्या घरात गाणं बाबांपासूनचं. ते जलशात गायचे, पुढे मी वस्तीतल्या मंडळाच्या गायन पार्टीत गायला लागले आणि मिलिंद माझ्यामागे ढोलकी बडवायचा. मग तो डिप्लोमा करायला पुण्याला गेला. होस्टेलात त्याच्या खोलीत मेघालयातला एक मुलगा होता, त्याच्याकडे गिटार होती. झालं! डिप्लोम्याचं काय शिकला ते देव जाणे, पण परत आला तो पाठीवर गिटार आणि डोक्यात ब्लूज घेऊन. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करणाऱ्या कारखान्यात, सुपरवायझर म्हणून लागला, आणि संध्याकाळी मला पकडून ऐकवायचा. "ताई, अमेरिकेत कापूस वेचणाऱ्या काळ्या लोकायचं गाणं हाये हे."

"मंग आपली आई बी कापूसच वेचते," मी म्हणायची. "तिले कुठी गाणं सुचते? कंबर मोडते तिची."

"सुचते व ताई. तू कधी तिच्यासंग कापसाच्या तासात चालून आयकलं नाई."

त्याचं एकच स्वप्न होतं. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला जयंतीचा कार्यक्रम होतो, त्या स्टेजवर मी गाणार आणि माझ्यामागे ही गिटार बोलणार. मुंबई-पुण्याचं स्टेज त्याला नकोच होतं. आपल्या माणसांनी हा आवाज ऐकून 'हा आपला' म्हणावं, बस्स. आवाज कसा हवा, तेही त्याचं पक्कं होतं. मला म्हणाला, "आई अंगणातून पहिल्यांदा 'मिलिंदा' म्हणते, तवा आवाज कसा साफ असते? आन् तिसऱ्यांदा बोंबलते तवा फाटते का नाई? गिटार तशीच पाहिजे. हळू छेडली तं साफ, जोरात मारली तं फाटली पाहिजे. मधात बटनाले हात लावाचं काम नाई, बोटानंच झालं पाहिजे." ब्लूजवर लोकांनी काय काय लिहून ठेवलं असेल, मला माहीत नाही. माझ्यापुरती त्याची व्याख्या आजही आईची तिसरी हाक हीच आहे.

पण आमच्याकडे एक खोड आहे. आवाज म्हटला की मोठा तो चांगला. मंडळाचे अध्यक्ष दादारावकाका ट्रकभर डीजेचे डबे लावल्याशिवाय जयंती झाली असं मानत नसत. त्यांच्या नादाने मिलिंदनेही नागपूरहून कूलरएवढा अँप आणला. शंभर वॅटचा, बटणांनी भरलेला. सरावाला जागा कुठली? वस्तीत वाजवला तर शेजारी दारात येत. मग जिनिंगच्या मालकांनी रुईच्या गोदामात सराव करायची परवानगी दिली, पण कापसाजवळ बिजली म्हणून एका अटीवर: चौकीदार देवरावकाका वाळूची बादली घेऊन बाजूला बसतील. आम्ही गात होतो, वाजवत होतो आणि देवरावकाका अँपकडे अशा नजरेने बघत, जणू तो कधीही बिडी शिलगावेल.

त्या गोदामात गिटार काही केल्या खुलत नव्हती. मिलिंद ट्रेबल वाढवायचा, म्हणजे आवाजातली धार. तरी आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा यायचा. तो अजून वाढवायचा. जयंती जवळ आली तोवर ट्रेबलचं बटण टोकाला जाऊन टेकलं होतं, आणि तेव्हा कुठे गिटार छान वाटायला लागली. खूश झाला. बटणांच्या त्या जागांवर नेलपॉलिशचे ठिपके लावून घेतले माझ्याकडून!

चारी बाजूंनी रुईच्या गाठी रचलेल्या, वर सुट्या रुईचा ढीग... आवाजाची सगळी धार तो कापूस पिऊन टाकत होता, हे आम्हा शहाण्यांच्या डोक्यात आलंच नाही. जन्म कापसात गेला आमचा, तरी नाही. आमचं समाजमंदिर म्हणजे सिमेंटच्या उघड्या भिंती आणि वर पत्रे. जयंतीला मिरवणूक उशिरा आली, आवाज तपासायला वेळ मिळाला नाही. मिलिंदने अँप ठिपक्यांवर लावला आणि पहिला सूर मारला. अरे बापरे! पत्र्यावर करवत चालवावी तसं झालं. कडेवरची लेकरं रडायला लागली, म्हाताऱ्यांनी कानात बोटं घातली, माझा माइक शिट्ट्या मारू लागला. दादारावकाका तिथूनच ओरडले, "बंद कर रे थे! कायले जीव घेऊन राह्यला लोकायचा?" आणि वायर काढली गेली. उरलेला कार्यक्रम कीबोर्डवर झाला. शेवटी काकांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "पुढच्या सालापासून गिटार नाई."

बरेच दिवस मिलिंदने गिटारला हात लावला नाही. गिटार भिंतीकडे तोंड करून उभी. मग एकदा भाकरी थापता थापता आईच म्हणाली, "काहून रे, वावरात हाक मारतं तशी घरात मारतं का तू?"

"नाई."

"मंग कापसातली हाक तू पत्र्याखाली कायले मारली?"

मिलिंदने ताटातला हात तसाच ठेवला. मग उठला, उष्ट्या हाताने जाऊन अंगणात टाळी वाजवली. आत येऊन स्वयंपाकघरात वाजवली. न्हाणीत जाऊन वाजवली. आई म्हणाली, "गेलं पोट्टं कामातून." त्या दिवसापासून तो कुठल्याही जागेत शिरला की आधी एक टाळी वाजवायचा आणि ती परत कशी येते ते ऐकायचा. लग्नाच्या मंडपात, बँकेत, दवाखान्यात. स्वतःसाठी सुजाताला बघायला गेला तेव्हा तिच्या घराच्या बैठकीतही वाजवली; तिच्या मामांना वाटलं, नवरदेवाने पसंती कळवली. ते लग्न जमलं, हे तिचं नशीब म्हणायचं की त्याचं, यावर आमच्या घरी अजून वाद आहे.

मोठा अँप त्याने देऊन टाकला. तो एवढा दांडगा, की वस्तीत वाजवायचा तर आवाजाचं बटण जेमतेम हलवायचं, आणि तेवढ्यात तो फाटणार कसा? कुजबुजणाऱ्या माणसाचा आवाज कधी फाटतो का? त्याऐवजी एका नागपूरच्या वादकाकडून हा छोटा, व्हॉल्व्हचा, वापरलेला अँप आणला. तो पाहून मी म्हटलं, "हा का डबा हाये का जेवणाचा?" तो हसला. लहान अँप पूर्ण दम लावून गातो आणि त्या दमातच आवाजाला ती चीर पडते, हे त्याने मला वाजवून दाखवलं. जमिनीवर ठेवला तर घुमतो, म्हणून स्टूल. सगळी बटणं आधी मधोमध. मग ट्रेबल जरा खाली, मधला सूर जरा वर, कारण माणसाचा आवाज मधल्या सुरातच राहतो. आवाजामागे घुमारा जोडणारं एक बटण असतं, ते चवीपुरत्या मिठाएवढं. आणि शेवटी आवाज वाढवत न्यायचा, जोरात मारल्यावर पहिली चीर पडेपर्यंत. तिथे थांबायचं. बस.

पुढची जयंती आली. दादारावकाका काही ऐकेनात. मी सांगून टाकलं, गिटार नसेल तर मीही गाणार नाही. काका चिडले, मग विरघळले, कारण माझ्याशिवाय त्यांच्याकडे गाणारं कोण होतं? म्हणाले, "एक गाणं. एकाही माणसानं कानात बोट घातलं, तं वायर मी काढीन. आन् मंग जन्मात नाव काढाचं नाई." सकाळी रिकाम्या समाजमंदिरात ते स्वतः ऐकायला येऊन बसले. मिलिंदने टाळी वाजवली. पत्र्यांनी ती तीनदा परत दिली. त्याने बटणं लावली, वाजवून दाखवलं. काकांनी तोंड वाकडं केलं. "अजून खणखणतेच."

"हो काका. थोडं खणखणू द्या."

"काहून?"

"लोक आले का बरोबर होईन. माणसं बसली का कापूसच होते, काका. धार पेतात."

पोराचं डोकं फिरलं असं काकांना वाटलं असणार, मलाही थोडं वाटलंच. संध्याकाळी माणसं आली, दाटीवाटीने बसली, खिडक्यांतही बसली. मिलिंदने पुन्हा टाळी वाजवली. परत आली नाही. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "गाय ताई."

मी पहिली ओळ गायले आणि थांबले. मागून गिटारने उत्तर दिलं. साफ, हळू, मी सोडलेल्या शब्दाला हात देऊन. दुसरी ओळ मी वर नेली, तर ती माझ्यामागे वर आली आणि अगदी टोकाला फाटली... तश्शी, आईसारखी. मी घाबरून लोकांचे हात बघत होते, कोणाचं बोट कानाकडे जातंय का. हात वर गेले ते टाळ्यांसाठी. बायकांमधून आईचा आवाज आला, "अव बाई, हे तं माणूस बोलून राह्यला!" एका गाण्याची परवानगी होती, सहा झाली. दादारावकाका वायरीपाशीच उभे होते. सहाव्या गाण्यानंतर त्यांनीच माइक घेतला आणि म्हणाले, "बसा, उठू नका, अजून एक होईन." मी माझ्या भावाला आयुष्यात दोनदा रडताना पाहिलं. एकदा बाबा गेले तेव्हा, आणि एकदा त्या रात्री, वायर गुंडाळता गुंडाळता.

पुढची सगळी वर्षं ती गिटार आमच्या जयंतीत होती. मारेगावपर्यंत बोलावणी यायची. कोणाच्याही पार्टीचा अँप लावून द्यायला हा हौसेने जायचा आणि आधी टाळी वाजवून यजमानांना कोड्यात पाडायचा. आई गेली, देवरावकाका गेले, मिलिंदची मुलगी प्रज्ञा नागपूरला नोकरीला लागली. तिच्या हातात गिटार त्यानेच दिली होती, आणि शिकवणीत सूर कमी, टाळ्या जास्त होत्या, असं ती म्हणते.

त्याच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम त्याच समाजमंदिरात झाला. सकाळी प्रज्ञाने अँप स्टुलावर ठेवला, बटणं लावली. संध्याकाळी वंदना झाली, लोक बोलले. दादारावकाका आता काठी टेकत येतात. तेही दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि माइक परत देऊन खाली बसले. मग गाण्यासाठी आमचं नाव पुकारलं. सगळे गप्प, माना खाली. आणि त्या शांततेत प्रज्ञाने एक खणखणीत टाळी वाजवली.

पाहुणे दचकले. शोकसभेत टाळी! वस्तीतल्या माणसांनी मात्र माना वर केल्या आणि कान दिला. टाळी परत आली नाही. पत्र्यांपर्यंत ती पोचलीच नाही, माणसांनीच पिऊन टाकली. भिंतीला टेकून उभी, खिडकीत बसलेली, दाराबाहेर चपलांपाशी थांबलेली माणसं.

"आत्या," प्रज्ञा हळूच म्हणाली, "हॉल भरला."

तिने वाकून ट्रेबल किंचित वाढवला. मी गायला लागले. पहिली ओळ नीट गेली. दुसरीला माझा आवाज फाटला, आवरायचं म्हटलं तरी आवरेना. पोरीने तारेवर जोरात हात मारला, आणि तो छोटा अँप माझ्या आवाजाबरोबर तस्साच फाटला. मी समोर बघितलं. एवढ्या गर्दीत एकाही माणसाने कानात बोट घातलं नव्हतं.